रोव्हर, बग्गी की चांद्रगाडी?

बेळगावहून: मुलीनं सातवीच्या विज्ञान प्रकल्पात ‘चंद्रावरची बग्गी’ असं लिहिलंय आणि वर चित्र काढलंय चांद्रयान-३ च्या प्रज्ञानचं. मला ते खटकतंय, पण का ते तिला नीट सांगता येईना. रोव्हरला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरहून: खटकणारच की, ताई. बग्गी म्हटलं की आत बसलेला माणूस आधी डोळ्यांसमोर येतो. प्रज्ञान २६ किलोचं, सहा चाकांचं. २०२३च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर फिरलं, पण त्यात माणूस नव्हता. त्याला रोव्हरच म्हणावं, शब्द आता रुळलाय. बग्गी शोभते ती अमेरिकेच्या अपोलो १५, १६ आणि १७ या चांद्रमोहिमांच्या गाड्यांना. १९७१-७२ सालच्या त्या. दोघं अंतराळवीर शेजारी-शेजारी बसायचे, डावीकडचा चालवायचा. स्टिअरिंगचं चाक नव्हतंच. दोघांच्या मधोमध एक दांडा, त्यावरच पुढं-मागं, वळण, ब्रेक सगळं.

निपाणीहून: पण बग्गीला घोडा लागतो हो! मी ‘चांद्रगाडी’ म्हणेन. बैलगाडीपासून मोटारीपर्यंत सगळ्याला ‘गाडी’ चालतं, आणि आमच्या कन्नड शेजाऱ्यांनाही ‘गाडी’ लगेच कळतं. ‘चंद्रगाडी’ मात्र नको. चांद्रमास म्हणतो तसं चांद्रगाडी.

चाकांचंही सांगतो. आमचे आजोबा लोखंडी धाव लालबुंद तापवून लाकडी चाकावर चढवायचे, मग पाणी ओतलं की ती आवळून घट्ट बसायची. अपोलोच्या गाडीला रबर नव्हतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांची विणलेली चाकं, त्यांवर टायटॅनियमच्या तिरक्या पट्ट्या. त्यांना धाव म्हणावं असं आधी मनात आलं होतं, पण धाव सलग असते, या सुट्या. म्हणून पट्ट्याच म्हणा.

खानापूरहून: चांद्रगाडी पटलं, बग्गी मागे घेतो. आता मडगार्डचं बघा. अपोलो १७ वेळी अंतराळवीर सर्ननच्या हातोड्यात अडकून मागच्या चाकाचं मडगार्ड तुटलं. धूळ उडून थेट अंगावर यायला लागली. मग नकाशे चिकटपट्टीनं एकमेकांना जोडले, चिमट्यांनी तिथं अडकवले आणि गाडी पुन्हा निघाली. एका अनुवादात त्याला ‘धूळरोधक’ केलेलं वाचलं. चंद्रावर चिखल नाही हे खरं, तरी मडगार्डच बरं. गॅरेजात धूळरोधक मागितलं तर कोण देणार?

बेळगावहून: प्रज्ञानखाली आता ‘रोव्हर’ लिहिलं. शेजारी दुसरं चित्र काढतेय, चांद्रगाडीचं. चाकांची जाळी विणतेय पेन्सिलीनं, आणि मागं नकाशाचं मडगार्डही हवंच म्हणते.