पंचवीस हजार फुटांवरची थंडी
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बर विमानावर इतक्या मशीनगन होत्या, तरी ती विमानं एवढ्या संख्येने पडली कशी, हा प्रश्न रास्त आहे. सोबतीची लढाऊ विमानं इंधन पुरत नसल्याने अर्ध्या वाटेतून माघारी फिरायची, हे मोठं कारण. १७ ऑगस्ट १९४३ला श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्ग या जर्मन शहरांवर गेलेल्या ३७६ बॉम्बरपैकी ६० परतले नाहीत. एकेका विमानात दहा जण!

या बॉम्बरच्या वैमानिकांवरची 'मास्टर्स ऑफ द एअर' ही मालिका २०२४मध्ये आली; तिच्यात हवाई लढाया जोरदार असणारच होत्या, पण मी वाट बघत होतो ती थंडी कशी दाखवतात याची. बी-१७च्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, बाहेर उणे चाळीस किंवा त्याहून कमी. मधल्या गनरच्या खिडक्या तर सुरुवातीच्या विमानांत उघड्याच असत. अडकलेली मशीनगन सोडवायला हातमोजा काढला की बोटं गेलीच समजा. विजेवर तापणारे सूट होते, पण ते बऱ्याचदा बंद पडायचे. पहिल्या दीडेक वर्षात आठव्या वायुदलात (इंग्लंडमधून ही विमानं उडवणारं अमेरिकी दल) शत्रूच्या माऱ्याने जखमी झालेल्यांपेक्षा हिमदंशामुळे उड्डाणातून बाद झालेले जास्त होते. त्या पोरांचं हे रोजचं हाल सोसणं पडद्यावर यायलाच हवं, असं वाटत होतं.