एकदांडी, दगडी पाला आणि भांगरा : नेमका शब्द कोणता?

प्रश्न : मोकळ्या माळावर, खुरट्या गवतातून वर आलेल्या बारीक दांड्याच्या टोकाला, कडेने फिकट पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये गडद पिवळा गोंडा असलेले लहानसे फूल दिसते. कोणी त्याला एकदांडी म्हणते, कोणी दगडी पाला, कोणी कंबरमोडी, तर कोणी नुसताच भांगरा. ही एकच वनस्पती आहे का?

उत्तर : पहिली तिन्ही नावे एकाच वनस्पतीची आहेत; तिचे शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. सूर्यफुलाच्या कुळातील ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून आज ती आपल्याकडे माळ, गायरान, पडीक रान आणि रस्त्याच्या कडा अशी सर्वत्र पसरली आहे.

'एकदांडी' हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो, कारण ओळख पटवणारी खूणच त्यात आहे : केसाळ खोड जमिनीलगत लोळत जाते, पेरांपाशी मुळे धरते, आणि फूल मात्र पाने नसलेल्या एकाच लांब दांड्यावर उभे राहते. जवळून पाहिल्यास कडेची प्रत्येक पाकळी टोकाशी तीन दात्यांत कातरलेली दिसते; अशा पाकळ्या बहुधा पाच असतात. बी पिकले की त्याच्या माथ्यावरचा पिसासारखा तुरा पसरतो आणि ते वाऱ्याबरोबर उडते. पाने समोरासमोर, जाड दात्यांची आणि हाताला खरखरीत लागणारी असतात.

'दगडी पाला' हे नाव मुख्यतः औषधाच्या संदर्भात ऐकू येते, कारण खेड्यापाड्यांत खरचटले किंवा कापले की हा पाला चुरगळून जखमेवर लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे 'माळावर एकदांडी फुलली आहे' आणि 'जखमेवर दगडी पाला लावला' ही दोन्ही वाक्ये आपापल्या जागी योग्य आहेत. एकदांडी स्त्रीलिंगी आणि पाला पुल्लिंगी, एवढे भान लिहिताना ठेवावे.

'भांगरा' या शब्दाला मात्र माझी स्पष्ट हरकत आहे. काही जण 'परदेशी भांगरा' म्हणतात, ते एक वेळ चालेल. पण विशेषण गळले की घोटाळा होतो, कारण भांगरा म्हणजे माका, ज्याचे तेल केसांसाठी काढतात, आणि ती वनस्पती सर्वस्वी वेगळी आहे. माका ओलसर जागी, ओढ्याच्या काठी किंवा भाताच्या बांधावर वाढतो. त्याची फुले बारीक आणि पांढरी असतात, बियांना उडणारा तुरा नसतो, आणि ताजे खोड मोडून चोळले तर रस थोड्याच वेळात काळा पडतो.

पुरवणी प्रश्न : मग एकदांडीला 'रानफूल' म्हणावे की 'तण'?

उत्तर : दोन्ही म्हणता येईल. रानफूल म्हणजे न लावता उगवलेले फूल. ते मूळचे इथलेच असले पाहिजे, असे तो शब्द सांगत नाही. शेतात तीच एकदांडी तण ठरते. मात्र माळावरच्या फुलांची यादी करताना तिच्यापुढे 'विदेशी' अशी नोंद अवश्य करावी आणि सोनकीसारख्या सह्याद्रीच्या मूळ फुलांपासून तिला वेगळे ठेवावे. फुलपाखरे तिच्यावर मध पिण्यासाठी आवर्जून येतात, म्हणूनही ती इथलीच असल्याचा समज सहज होतो.