कॅनिस्टर धुतल्यापासून खडखड, धार मंद आणि स्प्रे बारमधून बुडबुडे

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. माशांची टाकी ३ × १.५ × १.५ फूट, एंजल आणि कोरी मासे. खाली कपाटात कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर), खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिलेलं. गेल्या धुलाईपासून चार तक्रारी आहेत:

हेडमधून (मोटर असलेल्या वरच्या झाकणातून) सतत खडखड येते. धार मंदावली आहे: स्प्रे बार (पाणी टाकीत परत सोडणारी भोकांची नळी) काढून रिटर्नची नळी बादलीत धरली तर १० लिटरला ९० सेकंद लागतात, म्हणजे ताशी ४००. दर थोड्या वेळाने स्प्रे बारमधून बुडबुड्यांचा लोट येतो. आणि हेडच्या कडेला ओल दिसते, थेंब पडत नाही.

शिवाय लाइट जाऊन आली की कधी कधी नुसता गुणगुणतो, हाताने हलवला की चालू होतो. मीडिया (डब्यातले गाळणारे थर) टाकीच्याच पाण्यात खळबळून घेतला होता. खालून वर जाड स्पंज, सिरॅमिक रिंग, सगळ्यात वर पांढरा फ्लॉस (कापसासारखा थर). पाणी बोअरचं. आधी कुठं हात घालू?

इम्पेलर_आणि_बुश

खडखड आणि गुणगुण ही दोन्ही लक्षणं इम्पेलरचीच (पाणी ढकलणारं, चुंबकावरचं फिरतं पातं), तिथूनच सुरुवात करा. मीडियाला आत्ता हात लावू नका, तो नीट धुतलाय तुम्ही.

प्लग काढा, दोन्ही कॉक बंद करा, हेड उचला. खालचं झाकण अर्धा फेरा फिरवलं की इम्पेलर बाहेर येतो. आता नीट बघा. पातं चुंबकावर जरा मोकळं, थोडा फेरा सैल फिरतं, तो बिघाड नाही. मोटरला सुरुवातीचा झटका सोपा जावा म्हणून ते तसंच बनवतात. बिघाड असतो शाफ्टमध्ये आणि बुशमध्ये. सिरॅमिकचा शाफ्ट ओढून बाहेर घ्या आणि उजेडात फिरवून बघा, केसाएवढी चीर असली तरी तो बाद. ओढताना वाकवू नका, सिरॅमिक वाकत नाही, तुटतं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना रबराचं बारीक बुश असतं. मागचं बुश बऱ्याचदा इम्पेलर बसतो त्या खड्ड्याच्या तळाला चिकटून राहतं किंवा धुताना गाळाबरोबर वाहून जातं, आणि मग धुतल्या दिवसापासून खडखड सुरू होते. तुमची तक्रार वाचून पहिला संशय त्यावरच आहे.

आता क्षाराचं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. मोटरच्या उष्णतेने इम्पेलरच्या खड्ड्यातलं पाणी टाकीपेक्षा गरम राहतं, आणि पाणी तापलं की चुना तिथंच बसतो. त्यामुळे टाकीच्या काचेवर पांढरं दिसायच्या आधी चुंबकावर थर चढतो. थर चढला की फट कमी होते, इम्पेलर सुरुवातीचा झटका घेत नाही आणि नुसता गुणगुणतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व घालून इम्पेलर आणि शाफ्ट अर्धा तास ठेवा, बुश काढूनच. बारीक फेस आला म्हणजे चुनाच आहे. खड्ड्यासाठी हेड उलटं धरून तेच पाणी आत ओता. अख्खं हेड वायरसकट बादलीत बुडवू नका. नंतर बाटलीच्या ब्रशने घासून तीन-चार पाण्यांनी धुवा. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी चुना त्यांनाच धरतो.

चुंबक फुगलेलं किंवा तडकलेलं असेल तर काही उपाय नाही, अख्खा इम्पेलर बदला. शाफ्ट-बुशचा सेट घेताना मॉडेल नंबर दाखवूनच मागा ओ, एक मिलिमीटरच्या फरकानेही खडखड राहते.

स्प्रेबार

वरचं सगळं बरोबर. बुडबुड्यांचं कारण मात्र बहुतेक वेगळं आहे.

कपाटातल्या नळीत पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, म्हणून तिथला जोड सैल असला तर पाणी बाहेर येतं. पण इनलेटचा, म्हणजे टाकीतून पाणी ओढणारा, पाइप टाकीच्या काठावरून वाकतो तिथं उलटं असतं. ती जागा पाण्याच्या पातळीच्या वर, आणि आत खेच. तो जोड सैल असला तर एक थेंबही दिसणार नाही, हवा मात्र सतत ओढली जाईल. ती हेडमध्ये साठते, इम्पेलर हवा कापतो, धार पडते, आणि मग एकदम ढेकर देऊन सगळी हवा स्प्रे बारमधून निघते. तुम्ही लिहिलंय ते हेच वाटतं.

तपासायला एअर स्टोन (टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) तासभर बंद ठेवा. बुडबुडे थांबले तर स्टोन इनलेटच्या फार जवळ आहे, टाकीच्या दुसऱ्या टोकाला न्या. थांबले नाहीत तर काठावरच्या जोडाला सिलिकॉन ग्रीसचा थर देऊन घट्ट बसवा. तिथं साबणाचा फेस लावून बघू नका, तोच आत खेचला जाईल. नळीचं टोक कडक झालं असेल तर दोन सेंटिमीटर कापा, गरम पाण्यात धरून मऊ करा आणि परत चढवा. एप्रिल-मेमध्ये पातळी किती खाली जाते तेही बघा. इनलेटची जाळी पृष्ठभागाजवळ आली की भोवरा पडून हवा शिरते. कमी झालेलं पाणी बोअरनेच भरत राहिलात तर क्षार वाढत जातात, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची. ती भर आरओच्या पाण्याने घाला. पाणी बदलताना बोअरचं चालेल.

धार तरीही कमी वाटली तर फ्लॉस काढून एकदा बादलीत मोजा. फ्लॉसशिवाय झपकन वाढली तर दोष फ्लॉसचा, तो धुवायचा नाही, बदलायचा. फरक नसेल तर नळ्यांत आतून बुळबुळीत थर असेल, लांब ब्रश ओढून घ्या.

जुळे_सोलापूरकर

धन्यवाद! मागचं बुश जागेवर होतं, पण कडक होऊन चिरलेलं. नवा सेट टाकला, चुनाही भरपूर निघाला. काठावरचा जोडही सैल होता. आता १० लिटर ५५ सेकंदांत, खडखड नाही. ओल थोडी आहेच. ओ-रिंगला (हेडच्या कडेच्या रबरी कड्याला) व्हॅसलीन लावू का? आणि उन्हाळ्यात चार-पाच तास लाइट गेली तर कॅनिस्टरचं काय करायचं?

स्प्रेबार

ताशी ६५० झाले की, भरलेल्या कॅनिस्टरला उत्तम. व्हॅसलीन नको, खोबरेल तर नकोच. व्हॅसलीनने बरंचसं रबर फुगतं. ओ-रिंग बाहेर काढून खाच कापडाने पुसा, वाळूचा एक कण किंवा शेवाळाचा धागा पुरतो ओल यायला. सिलिकॉन ग्रीस बोटावर मुगाएवढं, पूर्ण रिंगला चोळून चकाकी येईल इतकंच. क्लिप समोरासमोरच्या जोडीने लावा. रात्रभर खाली वर्तमानपत्र ठेवा, डाग कुठल्या बाजूला पडतो ते कळेल.

इम्पेलर_आणि_बुश

लाइटचं सांगतो, हा भाग हलका घेऊ नका. बंद डब्यातले जिवाणू आतला ऑक्सिजन संपवतात, नवा येत नाही. उन्हाळ्यात हे लवकर होतं. २५ अंशाच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३२ अंशाला सव्वासात, आणि जिवाणूंची भूक मात्र वाढलेली. तासाभराने काही बिघडत नाही. चार-पाच तास गेले तर लाइट आल्या आल्या आपोआप चालू होऊ देऊ नका, प्लग आधीच काढून ठेवा. हेड उघडून वास घ्या. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर आतलं पाणी मोरीत ओता, मीडिया टाकीच्या पाण्यात खळबळा, मग प्राइम करून (पाणी भरून, आतली हवा काढून) चालू करा. तेच पाणी टाकीत गेलं तर एंजल आधी जातील.

जास्त वेळ जाणार हे माहीत असेल तर सिरॅमिक रिंगची बास्केट काढून सरळ टाकीत टांगा आणि बॅटरीवरचा एअर पंप तिच्याखाली लावा. नळाला पाणी येईल त्या दिवशी मीडिया त्याखाली धरू नका, क्लोरीन असतं. घरी इन्व्हर्टर असेल तर कॅनिस्टर त्यावर घ्या, असे फिल्टर साधारण १५-२५ वॅटचे असतात. फक्त इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते. वायर सॉकेटच्या खाली वळसा घेऊन वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जाणार नाही, आणि त्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.