मदत हवी आहे: पॉल स्कोफिल्डचं स्टेजवरचं काम कुठे बघायला/ऐकायला मिळेल?

मंडळी, आमच्या नाट्यग्रुपमध्ये पॉल स्कोफिल्ड या ब्रिटिश नटावर बोलायचंय आणि गाडी सिनेमांवरच अडकलीये. 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' (१९६६, ऑस्करवाला), 'क्विझ शो' आणि दिग्दर्शक पीटर ब्रुकचा १९७१चा 'किंग लिअर' बघून झालेत. लिअरमध्ये राज्य वाटायच्या सीनला माणूस जवळपास हलतच नाही, चेहरा दगडासारखा आणि आवाज अगदी खालचा, तरी अंगावर काटा येतो! पण हाच लिअर ब्रुकने त्याला घेऊन १९६२ला इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्डला स्टेजवर केलेला, आणि 'अमेडिअस' नाटकातला संगीतकार सॅलिएरीही १९७९ला लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पहिल्यांदा त्यानेच केला, सिनेमात मग दुसरा नट आला. मला ते हवंय.

यूट्यूब, ओटीटी, इथली लायब्ररी सगळं शोधलं, त्याने वयाच्या ऐंशीच्या सुमारास केलेला ऑडिओ लिअरही ऐकलाय, त्यामुळे तो नका सुचवू प्लीज. चरित्राची माहितीही आहे. मी पुण्यात असते, लंडनला जाऊन आर्काइव्हमध्ये बसणं जमणार नाही, पैसे भरायची तयारी आहे, नुसता आवाज असला तरी चालेल.

तर या दोन नाटकांचं मूळ प्रयोगातलं रेकॉर्डिंग, तुकडा का असेना, भारतातून ऑनलाइन कायदेशीरपणे कुठे मिळेल?