फौजी माणूस राजकारणात चालतो का? (खंडुरींवरून पेटलेला वाद)

रामबागचा_पोरगा:
मंडळी, आमच्या बिल्डिंगमधे एक रिटायर्ड कर्नल राहतात, शेवटची पोस्टिंग महूला, मग इंदूर आवडलं म्हणून इथेच फ्लॅट घेतला. आता त्यांना पार्षदाचं (म्हणजे नगरसेवकाचं) तिकीट पायजे, कमळाचंच. रविवारी पोहे-जिलबी खाताना विषय निघाला, अर्धे म्हणाले काका उभे राहाच, अर्धे गप्प, गप्प बसणाऱ्यांत मी पण. कारण माझ्या डोक्यात मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. १९५४ ते १९९० इंजिनियर्स कोरमधे, आपल्या पुण्याच्या सीएमईत (फौजेच्या इंजिनियरिंग कॉलेजात) शिकलेला माणूस, १९९१ ला भाजपकडून गढवालचा खासदार, २००० साली वाजपेयींनी रस्ते खातं दिलं आणि ते त्यांनी गाजवलं. मग २००७ ला उत्तराखंडचे मुख्यमंत्री झाले आणि दोन वर्षांत आपल्याच आमदारांनी सळो की पळो केलं. माझं मत सरळ आहे, फौजी माणूस खातं चालवतो, पक्ष त्याला चालवता येत नाही आणि पक्षाला पण तो फार दिवस चालत नाही. बोला.

बडोदेकर_मांडवी:
खातं गाजवलं यात शंकाच नको. सुवर्ण चतुर्भुज, म्हणजे दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता जोडणारा हायवे, ५,८४६ किमी, दिल्ली-मुंबईचा पट्टा आमच्या दारावरून गेला. तुमच्या इंदूरच्या नाही 😄

रामबागचा_पोरगा:
@बडोदेकर जखमेवर मीठ नको रे. २००२ मधे मावशीच्या लग्नाला तुमच्याकडे यायचं होतं, धार-झाबुआवरून, माछलिया घाटात एक ट्रक आडवा आणि आमची बस रात्रभर उभी, आईने करंज्यांचा डबा पूर्ण बसला वाटून टाकला. आग्रा-मुंबई रस्ता एवढा जुना आणि चतुर्भुज आखताना आम्ही बाहेर. पण तरी म्हणतो काम झालं.

स्नेहलतागंज_१२:
काम झालं म्हणजे काय? योजना वाजपेयींनी १९९८ लाच जाहीर केली होती, पैसा आपण पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे रुपया सेस देऊन भरला, आणि टारगेट होतं २००३ अखेर, पूर्ण झाल्याचं जाहीर झालं २०१२ ला. आणि सत्येंद्र दुबेंना विसरलात का सगळे? आयआयटी कानपूरचा पोरगा, हायवे प्राधिकरणात इंजिनियर, ठेक्यांमधला घोळ पंतप्रधान कार्यालयाला लिहून कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून स्पष्ट लिहिलं, तरी ते पत्र नावासकट रस्ते मंत्रालयात फिरलं, आणि नोव्हेंबर २००३ मधे गयेत गोळी घातली. मंत्री कोण होते तेव्हा? इमानदार मंत्री असून उपयोग काय, खाली फाइल कशी फिरते त्याच्यावर ताबा नसेल तर.

महूवाला_काका:
ताई, दुबेंचं वाईटच झालं, पण सीबीआयने ते लूटमारीचं प्रकरण म्हणून कोर्टात मांडलं आणि २०१० ला तिघांना शिक्षा पण झाली. पत्र फुटलं ही चूक होतीच, ती कोणी नाकारत नाही, पण ते पहिल्यांदा आलं पीएमओत, तिथूनच पुढे गेलं, सगळं खंडुरींच्या माथी कसं मारता.
आणि पोरा तू म्हणतोस फौजीला पक्ष कळत नाही. मी एमईएसमधे (फौजेच्या बांधकाम खात्यात) क्लार्क होतो, आख्खी नोकरी महूत. लोकांना वाटतं ऑफिसर म्हणजे परेड आणि सॅल्यूट. सॅपर, म्हणजे इंजिनियर्स कोरच्या ऑफिसरचा अर्धा दिवस टेंडर, एमबी (कामाच्या मोजमापाची वही) आणि ठेकेदाराचं बिल यात जातो. आमचे एक मेजर साहेब क्वार्टरच्या नव्या भिंतीत खिळा ठोकायचे, बाहेर काढून अंगठ्याने पकडायचे आणि पट्टीवर ठेवून प्लास्टरची जाडी बघायचे, ठेकेदार मागे उभा, थंडीत घाम. असा माणूस रस्ते खात्यात गेला तर फरक पडणारच, पक्षाचा संबंध येतो कुठे.

स्नेहलतागंज_१२:
काका तो खिळा राजधानीतून गयेपर्यंत पोचत नाही, हाच तर माझा मुद्दा आहे.

लष्करवाला_ग्वाल्हेर:
(मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, फौजी नाही, दरवेळी सांगावं लागतं.)
एक गंमत कोणी सांगितलीच नाही. २००७ ला खंडुरी मुख्यमंत्री झाले तेव्हा आमदार नव्हते, सीट पायजे होती. धूमाकोटची सीट सोडली कोणी, तर काँग्रेसचे टीपीएस रावत, ते पण रिटायर्ड फौजी आणि रँक लेफ्टनंट जनरल! म्हणजे सीनियरने ज्युनियरसाठी जागा खाली केली, मग भाजपमधे येऊन खंडुरींनी सोडलेल्या गढवालमधून पोटनिवडणुकीत खासदार झाले. आता सांगा फौजींना राजकारण कळत नाही म्हणून.

रामबागचा_पोरगा:
@लष्करवाला हाहा हे भारी आहे. पण बघ ना पुढे काय. २००९ च्या लोकसभेत उत्तराखंडच्या पाचही सीट गेल्या आणि राजीनामा घेतला. खंडुरींशी न पटणारा गट होता कोश्यारींचा, तेच ते, नंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले. मुख्यमंत्री म्हणून निशंकना बसवलं, ते पण नाही जमलं, मग २०११ मधे निवडणुकीला चार-पाच महिने असताना परत यांनाच बोलावलं, लोकायुक्त बिल पास करून घेतलं, नारा दिला 'खंडुरी है जरूरी'. निकाल काय, काँग्रेस ३२, भाजप ३१, आणि साहेब स्वतः कोटद्वारला पडले. ती एक सीट आली असती तर आकडे उलटे झाले असते. जरूरी माणूसच पडला. आणि मुख्यमंत्री झाले कोण, विजय बहुगुणा, सख्खा मामेभाऊ.

महूवाला_काका:
अरे मग यात दोष कोणाचा? पक्ष ३१ पर्यंत आला तो त्यांच्या नावावर. पक्षातल्या घरच्यांनीच कोटद्वारला पाडलं असं तिकडचे लोक म्हणतात, खरं खोटं देव जाणे.

बडोदेकर_मांडवी:
काका "लोक म्हणतात" वर नका जाऊ, मग जिंकतानाही लोकच म्हणत असतात.
मला खटकतं ते २०१८ चं. संरक्षणाच्या संसदीय समितीचे अध्यक्ष होते खंडुरी. मार्चमधे रिपोर्ट दिला की सेनेचं ६८ टक्के सामान जुनाट आहे, आधुनिकीकरणाला २१,३३८ कोटी दिलेत आणि आधीच्याच सौद्यांचे २९,०३३ कोटी देणं आहे. स्वतःच्या सरकारला एवढं तोंडावर सांगणारा खासदार दाखवा. सप्टेंबरमधे अध्यक्षपद कलराज मिश्रांकडे गेलं.

स्नेहलतागंज_१२:
आणि समितीचा अध्यक्ष नेमतं कोण? लोकसभा अध्यक्ष. तेव्हा कोण होत्या? आपल्या इंदूरच्या खासदार सुमित्राताई महाजन. इंदूरकरांनो आता बोला 😏

रामबागचा_पोरगा:
ताईंना मधे आणू नका हो. समित्या दरवर्षी नव्याने बनतात, नावं पक्ष पाठवतो, ताई सही करणार. पण हां, पक्षाने नाव का बदललं हा प्रश्न राहतोच आणि तोच माझा पहिल्या पोस्टचा मुद्दा होता, बरं झालं तुम्हीच मांडलात. जसवंतसिंगांचं काय झालं आठवा, फौजेतले मेजर, परराष्ट्र, अर्थ सगळी मोठी खाती सांभाळली आणि २०१४ ला बाडमेरचं तिकीट नाही. अपक्ष लढले आणि पक्षाने समोर उभा कोणाला केला, काँग्रेसमधून आलेल्या कर्नल सोनारामना. कर्नलने मेजरला पाडलं.

लष्करवाला_ग्वाल्हेर:
म्हणजे फौजीच जिंकला 😂 आणि खंडुरींचा मुलगा २०१९ ला काँग्रेसमधून लढला, हरला, मग २०२४ ला भाजपमधे. मुलगी ऋतू २०२२ ला कोटद्वारमधून निवडून आली, सुरेंद्रसिंह नेगींनाच पाडून, ज्यांनी वडलांना पाडलं होतं, आणि विधानसभा अध्यक्ष झाली. पक्षाला चालत नाही कसं म्हणता, घर तर चालतंय.

स्नेहलतागंज_१२:
ते घर चालणं वेगळं, त्याला घराणं म्हणतात. तुमच्या ग्वाल्हेरला ते काय सांगायचं.

रामबागचा_पोरगा:
बरं. संध्याकाळी हा धागा कर्नल काकांना दाखवला. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि टाकीचा व्हॉल्व्ह काकांकडे आहे, रजिस्टरमधे वेळ लिहून सही करतात, मागच्या महिन्यात एका नेत्याच्या भाच्याने दहा मिनिटं जास्त मागितली तर नाही म्हणाले. मी म्हटलं काका, तिकीट याच भाच्याच्या मामाकडून यायचंय. ते चष्मा कपाळावर ठेवून शेवटपर्यंत वाचत बसले. खंडुरींबद्दल बाकी काहीच बोलले नाहीत, फक्त कोटद्वारपाशी थांबले आणि म्हणाले, "दस साल लगे, पर पोस्ट वापस ले ली ना." मग घड्याळ बघितलं, सात दहा, आणि खाली व्हॉल्व्ह बंद करायला गेले.