जर्मनीत लेक्चर संपल्यावर बाक का वाजवतात?

आखेनला मास्टर्स सुरू होऊन तीन आठवडे झाले. तास संपला की सगळे मुठीने बाकावर टकटक करतात. पहिल्या दिवशी वाटलं, पोरं सरांची टर उडवतायत! शिवाय वेळापत्रकात १०, आणि सर उगवतात सव्वादहाला. काय भानगड आहे?

उत्तर १: टकटक म्हणजे टाळ्याच. वेळेपुढे 'सी. टी.' असेल तर पंधरा मिनिटं उशिरा, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. (आपली एसटी नव्हे, तिचा भरवसा नाही.)

उत्तर २: अजून एक भानगड: जर्मन भाषेत 'झी' म्हणजे अहो, 'डू' म्हणजे अगं-अरे. आपल्याला सोपं, असं मीही समजत होते. ऑफिसातल्या बाईंना चुकून 'डू' म्हटलं. चष्म्यावरून असं बघितलं की आजीच आठवली.

उत्तर ३: आणि रविवारी (इथे शांततेचा दिवस) काचेच्या बाटल्या टाकायला जाऊ नका. शेजारी खिडकीतून ओरडतात. स्वानुभव.