तुमच्याकडच्या गौरी कशाच्या?

माहेरी आमच्याकडे खड्याच्या गौरी. लांज्याजवळच्या गावी वहाळावरून सात खडे आणायचे. आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, म्हणजे घरी पोचेपर्यंत बोलायची सोयच नाही. मागे वळूनही बघायचं नाही. यंदा माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने अर्ध्या वाटेत चूळ गिळली आणि रडायलाच लागली. आजी म्हणाली, "गप गो, गौरीलाही तहान लागते." लग्न होऊन परभणीला आले तेव्हा कळलं की गौरींना मुखवटे असतात, साड्या असतात आणि चक्क लेकरंही असतात! तुमच्याकडच्या गौरी कशाच्या, काय खातात, आणि हे सगळं तुमच्या हाती कुणी दिलं? शास्त्रार्थ नको, घरातलं लिहा.

कोठीवाली (बीड)
आमच्यात गौरी म्हणतच नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि पुढ्यात त्यांची दोन लेकरं. पत्र्याच्या कोठ्या, आत धान्य, वर पितळी मुखवटे. जेवणाचा घाट मोठा असतोच: पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, आरतीला पुरणाचे दिवे. पण खरी परीक्षा साडी नेसवण्याची. कोठीला कंबर नसते, निऱ्या घसरत राहतात. सासूबाईंनी पहिल्या वर्षी मला नुसती टाचण्यांची डबी धरून बसवलं. दुसऱ्या वर्षी पदर दिला, चौथ्या वर्षी निऱ्या. मुखवट्याला हात लावायला सातवं वर्ष उजाडलं. राग यायचा, खोटं कशाला बोलू. एका वर्षी रात्री दोनला उठून बघते तर धाकटीची मान पुढे कललेली. गळ्यात कापडाचा बोळा कमी पडला होता. सासूबाई उठल्या, डोक्यावर पदर घेतला, "दमलीस का माय" म्हणत जुन्या परकराची पट्टी फाडली आणि गुंडाळून मान सरळ केली. ती पट्टी अजून आहे.

सासरे गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसल्या. "आता मी हात लावायचा नाही." नातेवाइकांनीही मान डोलावली. मी वाद घातला नाही, निऱ्या वाकड्या घातल्या. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा पदर खांद्यावरून सुटला तेव्हा त्या उठल्याच. "सतरा वर्षं काय शिकवलं तुला?" त्या दिवशी टाचण्यांची डबी पुन्हा माझ्या हातात होती. हळदीकुंकूही त्यांनाच आधी लावलं. एक मावशी जेवायला थांबल्या नाहीत. ठीक आहे.

रजेचा अर्ज
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? माझा अनुभव कॅलेंडरचा. गौरी तिथीवर नाही, नक्षत्रावर चालतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. आमचा गणपती गौरींबरोबर जातो, त्यामुळे तो किती दिवसांचा हे दरवर्षी बदलतं. 2023 ला पाचव्या दिवशी गेला, 2024 ला सहाव्या, 2025 ला सातव्या. साहेबांना वाटतं मी दरवर्षी एक दिवस वाढवून मागतो. मूळ नक्षत्र समजावून सांगितलं, तर म्हणाले, "पुढच्या वर्षी आठ?"

वडेघारगे (रायगड)
सोळा भाज्या वाचून मजा वाटली. आमची गौर तिखट खाते. पूजनाच्या दिवशी मटण आणि वडे. गणपती शाकाहारी, म्हणून त्याच्यापुढे पडदा ओढायचा. लहानपणी मी पडद्याच्या फटीतून बघायचो, त्याला वास येतोय का ते. शहरातल्या शेजाऱ्यांनी एकदा "सणासुदीला हे काय?" विचारलं, तर आई म्हणाली, "लेक माहेराला आली की तिच्या आवडीचं करतात." विषय संपला. नव्या सुनेचा ओवसा मात्र बघण्यासारखा! सुपं भरून गौरीपुढे ओवसायची, मग ती घरातल्या थोरांना द्यायची आणि पाया पडायचं. बायकोने पहिल्या ओवशाला एक सूप उलटं धरलं होतं. अजून ऐकते.

पुरणाचा कट
आमच्या पुण्याच्या घरात उभ्या गौरी, पण सांगण्यासारखी गोष्ट आवाहनाची. दारापासून देवापर्यंत कुंकवाची पावलं काढायची आणि थांबत थांबत विचारायचं, "गौरी कशाच्या पावलांनी आली?" "सोन्यारुप्याच्या पावलांनी." मग स्वयंपाकघर, कपाट, सगळं तिला दाखवायचं. माझा मुलगा तिला वायफायचा राउटरही दाखवतो. त्या संध्याकाळी भाजीभाकरीच. पोळी दुसऱ्या दिवशी, आणि मला खरं सांगायचं तर आदल्या दिवशीची भाकरीच जास्त आवडते.

तेरडा (कोल्हापूर)
आमची गौर म्हणजे तेरड्याची मुळासकट रोपं. पाणवठ्यावरून कळशीत घालून वाजतगाजत आणायची. पाठोपाठ शंकरोबा येतो, बायकोला न्यायला. रात्री झिम्माफुगडी. यंदा गुडघ्याने दगा दिला, बसून टाळ्या वाजवल्या.

धागाकर्ती
कोठीवाली, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण आमच्या मुखवट्यांखालचे बोळे काढून तपासत बसल्यात. आणि भाची विचारतेय, पुढच्या वर्षी चुळीऐवजी तोंडात गोळी धरली तर चालेल का. आजीला विचारून कळवते.